रात्री अकराचा फोन

१२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात सोलापूरच्या चौघांना फाशी दिली गेली : मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन. १९३० च्या मे महिन्यात गांधीजींच्या अटकेनंतर शहर पेटलं होतं, मार्शल लॉ लागला होता, खटला त्यातलाच. हिंदू-मुस्लीम ऐक्य म्हटलं की सोलापुरात हीच नावं घेतली जातात. पण एकत्र मरणं हा ऐक्याचा पुरावा कसा? फाशी सरकारनं ठरवली. चौघांनी स्वतः ठरवलं होतं ते त्याआधीचं : एकाच चळवळीत उतरणं.

आज सणांआधी पोलीस ठाण्यात शांतता समितीची बैठक होते. ती हवीच. पण अफवा मोबाईलवर रात्री अकराला येते. तेव्हा ‘हे खरंय का रे?’ असं विचारायला दुसऱ्या धर्माचा एक तरी माणूस आपल्या ओळखीचा आहे का? तो फोन उचलेल का?

विश्वास ऐनवेळी डाउनलोड होत नाही. नळाला पाणी नाही म्हणून गल्लीतल्या सगळ्यांनी मिळून महापालिकेत जाणं, अशा साध्या कामांतून तो आधीच जमवावा लागतो.