कडेवरचे आकडे

९ ऑक्टोबर १९६३ च्या रात्री इटलीतल्या वायोंत धरणाच्या जलाशयात मोंते तोक डोंगराची एक अख्खी कूस घसरून पडली. सुमारे २६ कोटी घनमीटर दगडमाती मिनिटाभराच्या आत खाली आली. पाणी धरणावरून उसळून पलीकडच्या दरीत कोसळलं, लोंगारोने हे गाव धुऊन निघालं आणि दोन हजारांच्या आसपास माणसं मेली. २६१ मीटर उंचीचं ते कमानी धरण मात्र तसंच राहिलं, आजही उभं आहे.

त्या घसरणीचा अभ्यास आधीच झालेला होता. डोंगराला भेगा पडल्या होत्या, १९६० साली एक लहान दरड कोसळलीही होती. म्हणून पादुआ विद्यापीठाचे प्रा. आउगुस्तो गेत्ती यांनी जलाशयाची १:२०० प्रमाणातली प्रतिकृती बांधून तिच्यात दरडी पाडून पाहिल्या. पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून ७०० मीटरवर ठेवली तर कितीही वाईट दरड कोसळली तरी धोका नाही, असा निष्कर्ष निघाला. त्या रात्री पातळी साधारण ७०० मीटरच होती.

प्रतिकृतीत दरड म्हणून खडी वापरली होती, आणि एकूण दरड धरली होती सुमारे ४ कोटी घनमीटरची, तीही दोन भागांत येणारी. खडी सुटी सुटी पाण्यात शिरते आणि पाणी तिच्या फटींतून वाट काढतं. प्रत्यक्षात आला तो सलग कडा, धरलेल्या दरडीच्या सहापटींहून मोठा आणि कुणी कल्पनाही केली नव्हती इतक्या वेगाने. त्याने समोरचं पाणी पुढ्यात घेऊन ढकललं. प्रतिकृतीतल्या पाण्याचं वागणं चुकीचं नव्हतं. पाण्यात काय, किती आणि किती वेगाने पडणार हे पाण्याच्या प्रयोगाबाहेर, आधीच ठरून गेलं होतं, आणि घात तिथे झाला.

आज असा अभ्यास संगणकावर होतो. त्याला कॉम्प्युटेशनल फ्लुइड डायनॅमिक्स म्हणतात, थोडक्यात सीएफडी. सांडव्यावरून पडणारं पाणी, उंच इमारतीभोवतीचा वारा, गल्लीत कोंडणारा धूर, नदीत सोडलेलं सांडपाणी, या सगळ्यांसाठी जागेचे लाखो बारीक कप्पे पाडायचे आणि प्रत्येक कप्प्यात वेग आणि दाब किती ते टप्प्याटप्प्याने काढत जायचं. मुळाशी समीकरणं आहेत ती नाविए यांनी १८२२ साली मांडलेली आणि स्टोक्स यांनी १८४५ साली पक्की केलेली. त्या समीकरणांना नेहमी नीट उत्तर असतंच का, हे गणिती पातळीवर अजून सिद्ध झालेलं नाही. त्यावर २००० सालापासून दहा लाख डॉलरचं बक्षीस आहे. अभियंत्यांचं काम त्यावाचून अडलेलं नाही. मला चिंता वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. या शाखेत सगळी बुद्धी, सगळा पैसा आणि सगळं कौतुक कप्प्यांच्या आत जातं. निकाल मात्र पुष्कळदा कडेवर लागतो. पाणी आत येतं तिथे त्याचा वेग किती धरला, तळ किती खडबडीत धरला, वारा कुठून आणि कसा सोडला, हे कुणीतरी माणूस ठरवतो. अहवालात त्या निर्णयाला दोन ओळी मिळतात आणि रंगीत चित्रांना वीस पानं.

बाहेरून भरलेल्या आकड्यांवर निकाल कसा ठरतो, हे लुइस फ्राय रिचर्डसन यांनी शंभर वर्षांपूर्वी स्वतःच्या हाताने अनुभवलं. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये जखमींची वाहतूक करणाऱ्या तुकडीत असताना त्यांनी हवामानाचा अंदाज निव्वळ गणिताने, कागदावर, कप्पे पाडून काढला. तारीख घेतली २० मे १९१० ची. सहा तासांत हवेचा दाब १४५ मिलिबारने चढेल असं उत्तर आलं; त्या दिवशी प्रत्यक्षात दाब जवळपास स्थिर होता. १९२२ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी हे अपयश जसंच्या तसं छापलं, याबद्दल मला त्यांचा फार आदर वाटतो. पुढे आयर्लंडचे हवामानशास्त्रज्ञ पीटर लिंच यांनी तेच गणित संगणकावर पुन्हा मांडलं. सुरुवातीच्या नोंदींमधला वारा आणि दाब यांचा मेळ बसवून घेतल्यावर त्याच पद्धतीने समंजस उत्तर दिलं. म्हणजे रिचर्डसन यांची पद्धत खरी होती, तिला दिलेली सुरुवात बिघडलेली होती.

कप्प्यांच्या आतही सगळं समीकरणातून येतं असं नाही. पाच मीटर खोल आणि सेकंदाला दोन मीटर वेगाने वाहणारी नदी घ्या. तिच्यातला सर्वांत बारीक भोवरासुद्धा पकडायचा तर कप्पे लागतात एकावर पंधरा शून्यं, त्याहूनही अधिक. ते कुणाच्याच आवाक्यात नाही, म्हणून प्रवाहातली खळबळ, जिला टर्ब्युलन्स म्हणतात, तिची सरासरी घेतात आणि सरासरीत जे हरवतं ते अनुमानाने भरून काढतात. लंडनच्या इंपीरियल कॉलेजात लाउंडर आणि स्पॉल्डिंग यांनी १९७० च्या दशकात रूढ केलेली के-एप्सिलॉन पद्धत आजही सर्रास वापरात आहे. तिच्यात पाच स्थिरांक आहेत. त्यांतला एक ०.०९, दुसरा १.४४, तिसरा १.९२. हे निसर्गाचे नियम नव्हेत. भिंतीलगतचा साधा प्रवाह, जाळीमागे विरत जाणारी खळबळ, अशा सोप्या प्रयोगांतली मोजमापं घेऊन ते बसवलेले आहेत. तेच ०.०९ आपण दाटीवाटीच्या वस्तीतल्या वाऱ्यालाही लावतो. धूर किती पसरेल हे ठरवणाऱ्या टर्ब्युलंट श्मिट अंकाचं तर याहून विचित्र आहे. तोमिनागा आणि स्टॅथोपौलोस या संशोधकांनी २००७ साली आधीच्या अभ्यासांतली मूल्यं गोळा केली तेव्हा ती ०.२ पासून १.३ पर्यंत विखुरलेली निघाली. सॉफ्टवेअरमध्ये त्या जागी बहुतेक वेळा ०.७ आधीच भरलेला असतो. तो तसाच राहू देणं हासुद्धा एक निर्णय आहे, पण त्याखाली कुणाची सही नसते.

मग खऱ्या पाण्याच्या प्रतिकृतींकडेच परतावं का? पुण्याजवळ खडकवासल्याला १९१६ पासूनची परंपरा असलेलं केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र आहे. देशातल्या कितीतरी धरणांचे सांडवे तिथे लहान आकारात बांधून तपासले गेले. १:२५ ची प्रतिकृती असेल तर पाण्याचा वेग पाचपट कमी ठेवायचा आणि विसर्ग ३१२५ पट कमी. धरणावरचे सेकंदाला दहा हजार घनमीटर तिथे सेकंदाला ३२०० लिटर होतात. लाटा आणि पातळ्या प्रतिकृतीत नीट उतरतात. बुडबुडे उतरत नाहीत. पाण्याचा पृष्ठताण ६२५ पट कमी करता येत नाही, त्यामुळे खऱ्या सांडव्यावर पाणी जितकी हवा ओढून पांढरं होतं तितकं ते प्रतिकृतीत होत नाही. सिमेंटच्या प्रतिकृतीलाही आपली कड असते आणि संगणकालाही. म्हणून दोन्ही एकमेकांशेजारी ठेवून तपासण्याची पद्धत मला सर्वांत प्रामाणिक वाटते. एकाची आंधळी जागा निदान काही वेळा दुसऱ्याला दिसते.

हा प्रश्न प्रयोगशाळेपुरता राहत नाही. महाराष्ट्रात नद्यांच्या काठी निळी आणि लाल पूररेषा आखतात, निळी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. कुणाला घर बांधायला परवानगी मिळेल आणि कुणाच्या जमिनीचा भाव पडेल, हे या रेषा ठरवतात. रेषेमागच्या गणितात पात्राचा खडबडीतपणा मॅनिंगच्या अंकाने मोजतात. आयरिश अभियंता रॉबर्ट मॅनिंग यांनी १८८९ साली ते सूत्र मांडलं. स्वच्छ, सरळ पात्राला ०.०३० धरण्याची रीत आहे. काठावर बाभळी आणि झुडपं माजली, राडारोडा पडला, तर ०.०४५ सहज धरावा लागतो. रुंद पात्रात उतार आणि विसर्ग तोच ठेवून एवढा एकच अंक बदलला, तर १० मीटर खोल पाणी जवळजवळ पावणेतेरा मीटर होतं. सगळा फरक एका मजल्याचा आहे आणि तो ज्या अंकातून येतो तो बहुधा तक्ता पाहून, नजरेच्या अंदाजाने निवडलेला असतो. संगणकीय जाळं कितीही बारीक केलं तरी तो फरक मिटत नाही.

पुराचा विसर्ग तरी मोजलेला असतो का? बहुतेक ठिकाणी पातळी मोजलेली असते आणि तिच्यावरून विसर्ग काढतात, नेहमीच्या वर्षांत बसवलेल्या आलेखाला वर लांबवून. मोठ्या पुरात नदीत उतरून वेग मोजणं अवघड आणि जिवावरचं, म्हणून जिथे आकडा सर्वाधिक हवा असतो तिथेच आलेख सर्वांत कमी भरवशाचा असतो. २०१९ च्या महापुरानंतर सांगली-कोल्हापुरात कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या फुगवट्यावरून जो वाद पेटला, त्यात दोन्ही बाजूंनी गणितं मांडली गेली. त्या गणितांत कुणी कोणता विसर्ग आणि कोणता खडबडीतपणा धरला, हे सामान्य पूरग्रस्ताला विचारताही येत नव्हतं.

म्हणून माझी मागणी साधी आहे. पूररेषेच्या प्रत्येक नकाशावर धरलेला विसर्ग आणि मॅनिंगचा अंक छापलेला असावा, आणि त्यांची वरची व खालची शक्य मूल्यं घेऊन रेषेऐवजी पट्टा काढावा. आणि प्रत्येक मोठ्या पुरानंतर, पाणी ओसरताच आठवड्याभरात, जलसंपदा विभागाने गावोगाव भिंतींवरच्या चिखलाच्या खुणांची उंची लेव्हलिंग करून नोंदवावी आणि ती सर्वांना पाहता यावी. दिवाळीला रंगरंगोटी झाली की त्या खुणा जातात, आणि आपलं गणित खरं की खोटं हे ठरवण्याचा त्या पुरापुरता तरी मार्ग उरत नाही.