पाहुण्याचें ऋण

मेक्सिको देशाच्या पश्चिम किनाऱ्यावर, हालिस्को प्रांतांत, बार्रा दे नाविदाद नांवाचें एक लहानसें गांव आहे. एका बाजूस पॅसिफिक महासागर, दुसऱ्या बाजूस खाजण, आणि मध्यें वाळूची अरुंद पट्टी. त्या पट्टीवर हें गांव वसलें आहे. नाविदाद या स्पॅनिश शब्दाचा अर्थ नाताळ. आपला नाताळ हा शब्दहि पोर्तुगीजांकडून आला आणि दोहोंचें मूळ जन्मवाचक अशा एकाच लॅटिन शब्दकुलांत आहे. तेव्हां या गांवाचें नांव मराठी वाचकास वाटतें तितकें परकें नाहीं. डिसेंबर लागला कीं कॅनडा व अमेरिका येथील थंडीला कंटाळलेले लोक या व अशाच इतर किनारी गांवीं सुटी घालविण्यास येतात. कोणी आठवडाभर राहतो, कोणी सबंध हिवाळा काढतो. हे लोक बहुधा सभ्य, हंसतमुख आणि बक्षिशीच्या बाबतींत उदारहि असतात. त्यांच्याविषयीं, व त्यांच्या निमित्तानें एकंदर प्रवाशाविषयींच, एक प्रश्न आम्हांस विचारण्याजोगा वाटतो. ज्यानें राहण्याचे, जेवणाचे व नावेचे पैसे चुकते केले, त्याचें त्या गांवाशीं कांहीं देणें उरतें काय?

व्यवहारी मनुष्य म्हणेल, कांहींहि उरत नाहीं. त्यानें मागितलें, गांवानें दिलें, मोल ठरलें, मोल पोंचलें. या उत्तरास आम्ही क्षुद्र मानीत नाहीं. खाजणांत नाव चालविणाऱ्याला पाहुण्याच्या कृतज्ञतेपेक्षां ठरलेलें भाडें अधिक उपयोगी पडतें. स्नेहाच्या नांवाखालीं घासाघीस करणाऱ्या पाहुण्यापेक्षां मुकाट्यानें रोख मोजणारा शतपट बरा. ज्याला पैशाचें देणें नीट देतां येत नाहीं, त्यानें मनाच्या देण्याच्या गोष्टी बोलूं नयेत.

तथापि याच दिवसांत त्या देशांत गांवोगांवीं जो एक विधि चालतो, तो ध्यानांत घेतला म्हणजे हें उत्तर अपुरें वाटूं लागतें. १६ डिसेंबरपासून २४ डिसेंबरपर्यंत नऊ रात्री तेथें ‘पोसादा’ होतात. पोसादा म्हणजे वाटसरूनें रात्रीपुरतें उतरावयाचें ठिकाण. या विधीचा उगम मेक्सिको शहराजवळील आकोल्मान येथील ऑगस्टिनी साधूंच्या मठांत, १५८७ च्या सुमारास झाला असें सांगतात. गरोदर मरिया आणि तिचा पति योसेफ हीं बेथलेहेमांत आसरा शोधीत दारोदार हिंडलीं, ही त्यामागील कथा. शेजारीपाजारी मेणबत्त्या घेऊन निघतात. एका घरापुढें आल्यावर मंडळींचे दोन भाग होतात. कांहींजण बाहेर राहतात, कांहीं आंत जाऊन दार लावून घेतात. बाहेरचे गाऊन आसरा मागतात, आंतले गाऊनच नकार देतात. अवेळीं आलेल्या अनोळखी माणसांवर विश्वास कसा ठेवावा, अशा आशयाचे सवालजबाब बराच वेळ चालतात. शेवटीं दारांत कोण उभें आहे हें आंतल्यांस उमगतें, दार उघडतें आणि सर्व एकत्र होतात. मग प्रार्थना, फळें घालून उकळलेलें ऊन पेय, मक्याच्या पिठाचे वाफवलेले तामाल, आणि मुलांनीं डोळे बांधून काठीनें फोडावयाची, खाऊनें भरलेली पिन्याता. आपल्याकडील दहीहंडी ज्यानें पाहिली आहे, त्याला तो गलका समजावून सांगावयास नको.

या विधींत आम्हांस विशेष वाटतें तें नकाराचें स्थान. आपल्या आतिथ्याची प्रौढी मिरविणारे समाज पुष्कळ आहेत. पण आपणहि दार लावूं शकतों, ही कबुली दरवर्षी नऊ रात्री स्वतःच्या तोंडानें गाऊन देणें ही निराळी गोष्ट आहे. आज आंत उभा राहून ‘जा’ म्हणणारा उद्यां बाहेर उभा राहून ‘घ्या’ म्हणेल. या अदलाबदलींतून त्याला कळतें कीं दार हें दोन्ही बाजूंनीं असतें. आणि नकार शक्य होता म्हणूनच उघडलेल्या दाराला मोल येतें. जेथें नाहीं म्हणण्याची मोकळीक नाहीं, तेथील होकाराला आतिथ्य म्हणतां येत नाहीं. आगाऊ पैसे भरलेल्या प्रवाशाला त्याची खोली नाकारतां येत नाहीं. म्हणून ती त्याला मिळते. दिली जात नाहीं.

ज्याच्या येण्याची तिथि ठरलेली नाहीं तो अतिथि, अशी आपल्याकडे परंपरागत व्युत्पत्ति आहे. हल्लींच्या प्रवाशाची तिथि महिनोन्‌महिने आधीं ठरते व त्याची खाट राखलेली असते. त्या अर्थानें तो अतिथि नव्हेच. यांत दोष कांहीं नाहीं. दोष उत्पन्न होतो तो त्याला गिऱ्हाइकाचे हक्क आणि अतिथीचा मान हीं दोन्ही हवींशीं वाटूं लागतात तेव्हां. वाढणाऱ्यानें वेळेवर वाढावें एवढ्यानें त्याचें समाधान होत नाहीं; त्यानें मनापासून हंसावें अशीहि अपेक्षा असते. २४ तारखेची रात्र ही मेक्सिकोंत घरच्या पंक्तीची रात्र. त्या रात्रीं ज्यानें आपल्या मुलांजवळ असावयाचें, तो परक्याच्या टेबलाशीं उभा राहतो. त्या तासांची मजुरी देतां येते, दुप्पटहि देतां येते. पण त्याची ती रात्र परत देतां येत नाहीं. बिलांत न लिहिलेलें देणें म्हणतों तें हेंच.

कोणी म्हणेल, ही भावनाविवशता झाली. जगांत सर्वत्र असेंच चालतें. परंतु न विचारतां येणाऱ्या पाहुण्याचा या किनाऱ्यास जुना अनुभव आहे. १५४० च्या २५ डिसेंबरास स्पेनचा व्हाइसरॉय आंतोनिओ दे मेंदोसा या उपसागरांत उतरला, म्हणून या बंदरास नाताळचें नांव पडलें, असें सांगतात. तेथें आधीं माणसें राहत होतीं. त्यांनीं आपल्या किनाऱ्याला काय म्हणावें हें आलेल्यानें ठरविलें. पुढें २१ नोव्हेंबर १५६४ रोजीं याच बंदरांतून मिगेल लोपेस दे लेगास्पी याचीं जहाजें फिलिपाइन्सकडे निघालीं. तेथेंहि कोणाच्या दाराशीं थांबून आसरा मागण्यांत आला नाहीं, आणि तो मुक्काम १८९८ पर्यंत चालला. आजचा प्रवासी तलवार घेऊन येत नाहीं, हा भेद मोठा आहे. तो पुसून टाकणें अन्यायाचें होईल. पण ‘हें स्थळ माझ्यासाठीं आहे’ हा समज तलवारीवांचूनहि टिकूं शकतो.

मेक्सिकोच्या घटनाकारांस याची जाणीव असावी. १९१७ च्या राज्यघटनेच्या २७ व्या कलमान्वयें किनाऱ्यापासून ५० किलोमीटरांच्या आंत परकीयाला जमिनीची प्रत्यक्ष मालकी घेतां येत नाहीं. तथापि १९९३ च्या कायद्यानें अशी सोय आहे कीं मालकी बँकेच्या नांवें विश्वस्त म्हणून राहावी आणि उपभोग परकीयानें ५० वर्षें घ्यावा. मुदत पुन्हां वाढवितांहि येते. कागदावर तो पाहुणाच राहतो. पण कायदा फार तर सात-बाऱ्यासारख्या कागदावरील नांव राखूं शकेल. मनांतील मालकी त्याच्या हद्दीबाहेर आहे.

पाहुण्याला जें दिसत नाहीं तेंहि येथें सांगितलें पाहिजे. तो थंडींत येतो, आणि या किनाऱ्यावरील वादळांचा काळ नोव्हेंबरअखेर सरतो. बार्रा दे नाविदादच्या देवळांत क्रूसावरील ख्रिस्ताची एक मूर्ति आहे. १९७१ च्या वादळांत तिचे हात क्रूसापासून सुटून खालीं आले, आणि त्याच क्षणीं वादळ शमलें अशी गांवकऱ्यांची श्रद्धा आहे. मूर्ति आजहि खालीं आलेल्या हातांनींच उभी आहे. प्रवासी तिला एक नवल म्हणून पाहतो. गांवाला ती एका रात्रीची आठवण आहे, ज्या रात्रीं हा प्रवासी तेथें नव्हता. याच किनाऱ्यावर दक्षिणेस आकापुल्को आहे. २५ ऑक्टोबर २०२३ च्या पहांटे ‘ओतिस’ वादळानें त्या शहराची दैना केली. ज्यांनीं वर्षानुवर्षे लोकांस उतरवून घेतलें, त्यांच्याच डोक्यावर त्या नाताळांत धड छप्पर नव्हतें. ज्या गांवाची नाव, खाणावळ व खोली पाहुण्याच्या येण्यावर चालते, त्या गांवाचें पाहुण्यानें पाठ फिरविल्यानें भलें होत नाहीं. म्हणून ‘जाऊंच नये’ हा उपदेश आम्हांस पटत नाहीं. आपले हात स्वच्छ ठेवण्यासाठीं दुसऱ्याची चूल विझविणें ही नीति नव्हे.

मग देणें फेडावयाचें कसें? आमच्या मतें तें फेडतां येत नाहीं. मान्य करतां येतें, आणि मान्य केल्यानें वागणें बदलतें. जो हें मान्य करील तो २४ तारखेला आपलें जेवण लवकर उरकून वाढणाऱ्यास घरीं जाऊं देईल. तो त्यांच्या भाषेंत निदान विचारण्यापुरते चार शब्द शिकेल, आणि नकार मिळाला तर त्यास अपमान समजणार नाहीं. पोसादाची मिरवणूक जवळून गेली तर तो सज्जांत उभा राहून तिचें छायाचित्र घेण्याऐवजीं, कोणी बोलाविल्यास, खालीं उतरेल. त्या विधींत मागणाऱ्याला जागा आहे, नाकारणाऱ्याला जागा आहे; पैसे भरून मोकळा झालेल्या प्रेक्षकाला मात्र कोणतेंच काम नाहीं. त्याला दाराबाहेरच्यांत उभें राहतां येतें, आणि तीच त्याची खरी जागा होय.

हें सर्व दूरच्या देशाविषयीं लिहितांना आम्हांस गोव्याचा विसर पडलेला नाहीं. नाताळांत मुंबई-पुण्याहून तेथें लोटणाऱ्या गर्दींत आम्ही व आमचे वाचक असतोंच. तेथेंहि कोणाचें घर असतें, कोणाची मध्यरात्रीची प्रार्थना असते, आणि कोणी ती चुकवून आमच्यापुढें ताट ठेवीत असतो. पैसे आम्ही देतोंच. दार मात्र त्यांचें आहे, हें आमच्यापैकीं कितीजण ओळखून असतात, याचा ज्यानें त्यानें विचार करावा.