अंगणातले गाजरगवत आणि अहिंसा

पहिला पाऊस पडून आठ-दहा दिवस झाले की शहादा-तळोद्याकडच्या कोणत्याही गावात फिरून पाहा. उकिरड्याच्या कडेला, गोठ्यामागे, नव्या घरासाठी टाकलेल्या मातीच्या ढिगावर, अगदी तुळशीवृंदावनाच्या पायरीलगतसुद्धा गाजराच्या पाल्यासारखी रोपटी जमिनीला चिकटून वर येतात. दिसायला मोठी गोजिरी. हेच गाजरगवत. ते तुमच्याही दारात असणार, म्हणून प्रश्नही तुमच्या दारातलाच आहे: गळ्यात माळ घातलेल्याने ते उपटावे काय?

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. तुकोबारायांनी झाडावेलींशी नाते जोडले, हे आपण कीर्तनात नेहमी ऐकतो. नाते जोडताना वड-पिंपळ तेवढे आपले आणि गाजरगवत परके, असा भेद त्यांनी केलेला नाही. माउलींनी तर याहून मोठी अडचण करून ठेवली आहे. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणे सांगताना अहिंसेचे विवेचन येते. तेथे यज्ञातल्या हिंसेलाच अहिंसा म्हणणाऱ्यांना माउली सोडत नाहीत, आणि पुढे वैद्यकालाही सोडत नाहीत. एका जिवाला बरे करण्यासाठी कोणा झाडाचे मूळ खणायचे, कोणाची साल सोलायची, ही कसली अहिंसा, असा त्यांचा रोख आहे. रोग्याच्या औषधासाठी मूळ खणणाऱ्याची ही गत, तर अंगण साफ दिसावे म्हणून मूळ उपटणाऱ्याने काय उत्तर द्यावे?

एक उत्तर तयार असते. हे गवत दुष्ट आहे, परदेशी आहे, राक्षस आहे, आणि राक्षसाला मारण्यात पाप कसले? मला हे उत्तर पटत नाही. गाजरगवत मूळचे अमेरिका खंडाच्या उष्ण भागातले. तिकडे त्याला खाणारे किडे आहेत, त्यामुळे ते मर्यादेत राहते. आपल्याकडे १९५५ च्या सुमारास पुण्यात ते नजरेत आले. अमेरिकेतून आलेल्या गव्हाबरोबर त्याचे बी आले असे मानले जाते. म्हणजे ते स्वतः चालून आले नाही. एका चांगल्या वाढलेल्या झाडाला १५ ते २५ हजार बिया धरतात, गुरे त्याला सहसा तोंड लावत नाहीत, आणि त्याच्या अंगातला रस शेजारच्या बियांना उगवू देत नाही. यात कपट कुठे आहे? त्याला जगायचे आहे, एवढेच. पसायदानात माउलींनी दुष्टांचा नाश मागितला नाही, त्यांचे वाकडेपण जावे एवढे मागितले. गाजरगवतापाशी वाकडेपणच नाही, मग जाणार काय?

शिवाय ते कुठे वाढते तेही पाहिले पाहिजे. दाट गवत असलेल्या बांधावर त्याचे फारसे चालत नाही. माती उघडी पडली, रस्त्याची कड खणली गेली, यात्रेच्या मैदानावरचे गवत पायांनी झिजले, की तेथे ते पहिले हजर. आळंदी-देहूला जाणाऱ्यांनी इंद्रायणीत जलपर्णीचा हिरवा गालिचा पाहिला असेल. ती मूळची दक्षिण अमेरिकेतल्या ॲमेझॉनच्या खोऱ्यातली, पण इंद्रायणीत ती माजते ती आपण सोडलेल्या सांडपाण्यावर. तिला नावे ठेवणे सोपे, कारण ती उलटून बोलत नाही.

मग उपटूच नये का? असे म्हणणारेही आहेत. आपण हात लावू नये, ज्याने निर्माण केले तो बघून घेईल, असे ते म्हणतात. हे ऐकायला सात्त्विक वाटते. पण गाजरगवताचे बी तुमच्या अंगणात बसून राहत नाही. वाऱ्याबरोबर, पाटाच्या पाण्याबरोबर, गुरांच्या खुरांना आणि ट्रॅक्टरच्या चाकांना लागलेल्या चिखलाबरोबर ते शेजारच्या कपाशीत, ज्वारीत जाते. तेथे निंदणी कोण करते? रोजाने आलेल्या बाया. या गवताशी वरचेवर संबंध आला की कातडीला खाज सुटते, चट्टे उठतात, परागकणांनी सर्दी आणि दमा जडतो. एकदा अंगाला ते बाधले की पुढे थोड्या संपर्कानेही त्रास उसळतो. तुम्ही अंगणात टाळलेली हिंसा त्या बाईच्या मनगटावर उमटते. ती दिसत नाही, कारण ती दुसऱ्याच्या शेतात घडते.

तेराव्या अध्यायातल्या त्या ओव्या मी पुन्हा पुन्हा वाचल्या. माझ्या समजुतीप्रमाणे तेथे माउलींचा सर्वात मोठा आक्षेप नावावर आहे. हिंसा करायची आणि तिला अहिंसा म्हणायचे, हे त्यांना खपत नाही. संसारी माणसाला शेत नांगरावे लागते, वृंदावनातले तणही काढावे लागते. ते काढताना आपण कोणाला विचारत नाही. तेव्हा गाजरगवत उपटावे, पण त्याला पुण्य म्हणू नये. एक जीव गेला, तो माझ्या हाताने गेला, एवढे मान्य करून उपटावे. हे मान्य असले की पुढचे बरेच वाद आपोआप सुटतात, कारण मग कमीत कमी जीव कसे जातील याचा विचार सुरू होतो.

हातपंपाने फवारणी करणे सोपे पडते, म्हणून आधी त्याविषयी बोलू. गाजरगवतावर २,४-डी हे तणनाशक मारतात. कपाशीला ते फार लागते. वाऱ्याने थोडा तुषार शेजारच्या शेतात गेला तरी कपाशीची पाने भेंडीच्या पानांसारखी चिरतात आणि पीक हातचे जाते. आपला बांध साफ, शेजाऱ्याचे वर्ष गेलेले. दुसरे नुकसान बोलून दाखवले जात नाही. त्याच बांधावर तांदुळजा, कुर्डू, केना, तरोटा उगवलेले असतात. २०११ च्या जनगणनेप्रमाणे नंदुरबार जिल्ह्यात दर १०० माणसांत ६९ आदिवासी आहेत, आणि आषाढ-श्रावणात कितीतरी घरांची भाजी ही अशीच बांधावरून, रानातून येते. शेजारच्या धुळे जिल्ह्यातल्या बारीपाड्याला तर रानभाज्यांची पाककृती स्पर्धा भरते. फवारणारा ज्याला तण म्हणतो, ते कोणाच्या तरी ताटात पडायचे असते.

१९८४ साली बंगळूरला मेक्सिकोहून आणलेले झायगोग्रामा नावाचे भुंगेरे गाजरगवतावर सोडले. पावसाळ्यात ते पाने फस्त करतात. उपाय चांगला आहे. पण किड्याकडून करवून घेतलेली हिंसा आपली नव्हे, असे कोणी म्हणू लागला तर त्याच्या हाती तेरावा अध्याय द्यावा.

धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरात घाणेरीचा प्रश्न वेगळा आहे. तिची फळे पाखरे खातात आणि बी रानभर नेतात, तिचा पाला गुरांना विषारी, आणि तिच्या जाळीखाली गवताला ऊन मिळत नाही. ते एकट्या घराचे काम नाही. रान राखणाऱ्या साऱ्या गावाने मिळूनच ते करायचे.

अंगणातले मात्र ज्याचे त्याने. पाऊस पडून माती ओली असताना ते मुळासकट सहज येते. वरून कापले तर पुन्हा फुटते. हातात मोजे किंवा प्लास्टिकची पिशवी घालावी. फुले येण्याआधी उपटलेले खड्ड्यात टाकले तर त्याचे खत होते, फुलावर आलेले टाकले तर खताबरोबर बीही शेतात जाते. मजुराकडून काढून घेणार असाल तर त्यालाही मोजे द्यावेत. रोज दिला म्हणून त्याची कातडी काही विकत घेतलेली नसते.

वारकऱ्याची अडचण अशी की ते उगवते तेव्हा आपण वाटेवर असतो. उगवल्यापासून महिना-दीड महिन्यात त्याला फुले लागतात. खानदेशातून पायी निघालेला माणूस पांडुरंगाचे दर्शन घेऊन परत येतो तेव्हा अंगणात पांढरी बारीक फुले डुलत असतात. जबलपूरची तण संशोधन संस्था दरवर्षी १६ ते २२ ऑगस्टला गाजरगवत जागृती सप्ताह पाळते. नामसप्ताहासारखा हाही एक सप्ताह. पण तोवर पहिली खेप बहुधा फुललेली असते. म्हणून निघताना घरी मागे राहणाऱ्या सुनेवर, म्हाताऱ्या आईवर हेही काम आपण टाकून जातो, हे लक्षात असावे. निदान मोजे तरी आणून ठेवून जावे.

आणि कार्तिकी करून परतताना वाटेच्या कडेला तरोट्याच्या लांब बारीक शेंगा वाळत आलेल्या दिसतील. तरोट्याला कोणी टाकळा म्हणतात. तोही तसा तणच, पण तो दाट उगवला की गाजरगवताला जागा देत नाही, आणि त्याच्या कोवळ्या पाल्याची भाजी होते. दोन-चार मुठी शेंगा पिशवीत घालून आणाव्यात, बी झाडून कोरडे ठेवावे, आणि उन्हाळा संपता संपता, दिंडीला निघण्यापूर्वी, गोठ्यामागे आणि उकिरड्याच्या कडेने फेकून द्यावे.