दट्ट्याला कोण ढकलतं?

वाफेच्या इंजिनात दट्ट्या चाकाला ढकलतो. माझ्या टेबलावरच्या इंजिनात चाक दट्ट्याला ढकलतं. लांबून बघणाऱ्याला दोन्हीकडे एकच दिसतं. दट्ट्याचा दांडा सिलिंडरमधून बाहेर येतो, आत जातो, कनेक्टिंग रॉड झुलतो, चाकं फिरतात. पण एकीकडे जे कारण आहे तेच दुसरीकडे कार्य होऊन बसलंय. निवृत्तीनंतर पितळी इंजिनं जोडण्याचा नाद लागला तेव्हापासून हा उलटा कारभार डोक्यात घोळतो आहे. तो मला फिरून फिरून एका जुन्याच प्रश्नापाशी आणून सोडतो: कर्ता कोण?

मी मूळचा भुसावळचा. वडील रेल्वेत आधी फायरमन, मग ड्रायव्हर. मी दातांचा डॉक्टर झालो आणि इंग्लंडात डर्बीला स्थायिक झालो. हेही रेल्वेवर पोसलेलं गाव, त्यामुळे फार परकं वाटलं नाही. सध्या टेबलावर आहे तो ‘ब्लॅक फाइव्ह’ जातीच्या इंजिनाचा छोटा नमुना. लंडन मिडलँड अँड स्कॉटिश रेल्वेसाठी विल्यम स्टॅनियर यांनी ते आखलं. १९३४ ते १९५१ या काळात अशी ८४२ इंजिनं झाली. त्यांतली ५४ इथल्या डर्बीच्या कारखान्यात, तर १०० लँकेशायरमधल्या व्हल्कन फाउंड्रीत. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे धावलेल्या पहिल्या गाडीची इंजिनंही याच फाउंड्रीतून आली होती. ११ ऑगस्ट १९६८ रोजी ब्रिटिश रेल्वेने वाफेला निरोप देणारी खास गाडी काढली, तेव्हा तिच्या वाटेतल्या काही टप्प्यांवर ब्लॅक फाइव्हच जोडलेली होती.

असा नमुना जोडायच्या संचाच्या खोक्यात इंजिनासारखं काहीच नसतं. पितळेचे आणि जर्मन सिल्व्हरचे सपाट पत्रे असतात. त्यांत आम्लाने कोरलेले भाग बारीक टाचांनी अडकवलेले असतात, ते कापून, वाकवून, कानस मारून जोडायचे. धुराडं, वाफेचा घुमट वगैरे शिसं-कथलाच्या मिश्रणातून ओतलेले मिळतात. पितळेला पितळ जोडायचं सोल्डर १८८ अंशांच्या आसपास वितळतं, ओतीव भागांसाठी ७० अंशांचं वेगळं सोल्डर लागतं. तापलेलं सोल्डरिंग आयर्न चुकून धुराड्याला लागलं तर धुराड्याचा थेंब होतो. प्रमाण एका फुटाला सात मिलिमीटर. म्हणजे सहा फुटी चाक ४२ मिलिमीटरचं होतं आणि अख्खं इंजिन टेंडरसकट दीड फुटाच्या आत मावतं.

या दीड फुटात आग नाही, पाणी नाही, वाफ नाही. फायरबॉक्समध्ये कोळशाऐवजी विजेची मोटर बसते. तिच्या टोकाचा वर्म, म्हणजे स्क्रूसारखा आटे पाडलेला गिअर, खालच्या दातेरी चाकाला फिरवतो आणि त्याबरोबर एक आस फिरतो. माझ्या इंजिनात तो मोठ्या चाकांच्या तीन आसांपैकी मागचा. मोटर चाकाला फिरवू शकते, पण बोटाने चाक फिरवून मोटर फिरवायला गेलात तर ते जागचं हलत नाही. जोर एकाच दिशेने जातो.

आता खरी गंमत मधल्या चाकाच्या खुंटीवर आहे. त्या एकाच खुंटीवर दोन दांडे ओवलेले असतात. आतला कपलिंग रॉड. तो मागच्या चाकाचा जोर मधल्या आणि पुढच्या चाकाला पोचवतो, खरंखुरं काम करतो. बाहेरचा कनेक्टिंग रॉड. तो दट्ट्याला जोडलेला, सगळ्यांत ठसठशीत, लोकांची नजर आधी त्याच्यावरच जाते. आणि तो काहीही करत नाही. त्याला फक्त नेलं जातं.

अशी इंजिनं जोडणाऱ्यांच्या आमच्या क्लबाच्या प्रदर्शनात लोक वाकून या बाहेरच्या दांड्याकडेच बघतात. शेजारच्या एका इंजिनात धूर सोडणारी नळी आहे. तारेने तेल तापतं आणि धुराड्यातून पांढरट वाफारा निघतो. तो बघितला की मला अन्नंभट्टाचा न्यायशास्त्रावरचा ‘तर्कसंग्रह’ आठवतो. कॉलेजात संस्कृत घेतलं होतं, त्यातलं एवढंच अंगाला चिकटलं. डोंगरावर धूर दिसला की तिथे आग आहे असं अनुमान करायचं, कारण स्वयंपाकघरात दोन्ही एकत्र पाहिलेली असतात. इथे धुराड्यावर धूर आहे आणि आग नाही. नैयायिक यावर गप्प बसणार नाही. तो म्हणेल, हा धूरच नव्हे, धुक्याला धूर समजलात, तुमचा हेतूच, म्हणजे अनुमानाचा आधारच, खोटा. मान्य. पण दांड्याच्या बाबतीत ही पळवाट मिळत नाही. दांडा खरा आहे, त्याची हालचाल खरी आहे, तिचा चाकाशी असलेला मेळही खरा आहे. डोळ्यांनी पाहिलं त्यात काहीच खोटं नाही. तरी कोण कोणाला हलवतंय हे त्यातून कळत नाही.

माणसाच्या कर्माचं नेमकं हेच आहे. मी हात उचलला आणि काम झालं, हे दिसतं. हाताने काम केलं की कामाने हात ओढून नेला, हे दिसत नाही.

गीता या प्रश्नाला एका जागी एक उत्तर देत नाही, हे मला फार उशिरा लक्षात आलं. तिसऱ्या अध्यायात कृष्ण सांगतो की कर्मं प्रकृतीचे गुण करतात, अहंकाराने भुललेला माणूस उगाच स्वतःला कर्ता मानतो. अठराव्यात पाच कारणांची यादी येते: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. इथे कर्ता बाद झालेला नाही, पाचांतला एक म्हणून बसवलेला आहे. त्याच अध्यायात पुढे, ईश्वर सर्वांच्या हृदयात राहून सगळ्या भूतांना यंत्रावर चढवल्यासारखं फिरवतो, असं येतं. हे ऐकून अर्जुनाने धनुष्य खाली ठेवून, फिरव बाबा काय फिरवायचंय ते, असं म्हटलं असतं तर त्याला दोष देता आला नसता. पण दोनच श्लोकांनंतर कृष्ण त्याला सांगतो, हे सगळं नीट विचारात घे आणि मग तुला वाटेल तसं कर. यंत्रावर बसवलेल्याला हे कशाला सांगायचं?

क्लबातल्या माझ्या एका मित्राला मी हे सांगितलं. तो तरुणपणी ब्रिटिश रेल्वेत फायरमन होता, ब्लॅक फाइव्हच्या भट्टीत त्याने स्वतः कोळसा घातलाय. घरचं वातावरण मेथडिस्ट. तो म्हणाला, “म्हणजे तुमच्यात कधी कोणाची चूकच नसते? सगळं वरूनच?” हा वाद त्याच्या घरातलाही आहे. तारण कोणाचं होणार हे देवाने आधीच ठरवून टाकलंय, हे कॅल्व्हिनपंथीयांचं मत मेथडिस्टांच्या जॉन वेस्लीने अठराव्या शतकात जोरात खोडून काढलं होतं. आपल्याकडे टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात ‘गीतारहस्य’ लिहिलं, त्यांच्याही डोळ्यांसमोर हीच भीती होती. मी कर्ता नाही, हे वाक्य आळशाच्या हाती लागलं की त्याचं पांघरूण होतं. अधिकाऱ्याच्या हाती लागलं की ‘वरून आदेश होता’ होतं.

मित्राला उत्तर द्यायला मला टेबलावरचंच काम उपयोगी पडलं. मोटर आणि कपलिंग रॉड बसवले की इंजिन बाहेरचे दांडे न लावताच फिरवून बघतात. फिरतं. मग एका बाजूचा कनेक्टिंग रॉड, दट्ट्याचा दांडा आणि त्या दोघांना जोडणारं क्रॉसहेड लावतात. आता इंजिन फिरतं, पण दर फेऱ्याला एकाच जागी किंचित अडखळतं. कान जवळ नेला तर मोटरचा आवाज त्या जागी जड होतो. कारण बहुधा केसाएवढं असतं. क्रॉसहेड ज्या दोन पट्ट्यांमध्ये सरकतं त्या पट्ट्या एका टोकाला जवळ आलेल्या असतात, नाहीतर दांड्याच्या छिद्रात सोल्डरचा कण राहिलेला असतो. मग निमुळता ब्रोच, म्हणजे छिद्र किंचित रुंद करणारं हत्यार, छिद्रात घालून बोटांनी हलकेच फिरवायचा, पुसायचं, पुन्हा लावून बघायचं. छिद्र फार मोठं केलं तर दांडा खुळखुळतो. सगळे करतात ते हेच, आणि इंजिन जोडण्यातला निम्मा वेळ यातच जातो.

यात लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी. ज्या दांड्याला इंजिन तसूभर पुढे नेता येत नाही, त्याला तेच इंजिन थांबवता मात्र येतं. चालवण्याचं सामर्थ्य शून्य, अडवण्याचं पुरेपूर. आपण समजतो की कर्तेपण गेलं की जबाबदारीही गेली. पण ती दोन वेगळी खाती आहेत. मी कर्ता नसेनही. तरी मी अडथळा होऊ शकतो, आणि तो न होणं माझ्याकडेच आहे.

माझ्या पेशात हे रोज दिसायचं. दाढ काढल्यावर जी पोकळी राहते ती डॉक्टर भरून आणत नाही. तिथे रक्ताची गुठळी बसते, तिच्यावर नवी त्वचा धरते, काही महिन्यांत आत हाड भरतं. यातलं एकही काम माझं नव्हतं. पण मुळाचा तुकडा आत राहिला, किंवा रोग्याने त्याच दिवशी सिगारेट ओढून गुठळी उखडली, तर सगळं बिघडायचं. ‘डॉक्टरांनी बरं केलं’ असं लोक म्हणायचे, तेव्हा ते कनेक्टिंग रॉडकडे बघत असायचे.

मित्राने हे ऐकून घेतलं आणि मग खऱ्या इंजिनातली गोष्ट सांगितली. डर्बीहून मँचेस्टरकडे जाताना पीक फॉरेस्टपर्यंत चढ लागायचा, पुढे उतार. चढावर दट्ट्या जीव तोडून चाकाला ढकलतो. माथा ओलांडला की ड्रायव्हर रेग्युलेटर जवळजवळ मिटतो, सिलिंडर कोरडे पडू नयेत म्हणून नावापुरती वाफ ठेवतो. आता गाडी आपल्या वजनाने उतरते, आणि चाकंच दट्ट्यांना पुढेमागे नेतात. “म्हणजे उतारावर आमचं खरं इंजिनही तुझ्या खेळण्यासारखंच चालायचं,” तो म्हणाला. एवढ्यावर न थांबता त्याने आणखी एक सांगितलं. सपाटीवरसुद्धा दट्ट्या टोकाला पोचतो त्या क्षणी मागे कितीही वाफ असो, त्याला चाक फिरवता येत नाही. म्हणून दोन बाजूंच्या खुंट्या ९० अंशांच्या फरकाने बसवतात, एक बाजू अडली की दुसरी तिला ओढून नेते. प्रत्येक फेऱ्यात प्रत्येक दट्ट्या काही क्षण नेणारा असतो, काही क्षण नेलेला.

माझ्या मांडणीत जे उणं होतं ते यात भरून निघालं. मी खरं इंजिन आणि नमुना असे दोन पक्ष करून, आपण यांतले कोणते, असं विचारत बसलो होतो. खऱ्या इंजिनाचा दांडा एकाच प्रवासात दोन्ही असतो. तो नुसता मोकळा असून भागत नाही, चढावर तो मोडेल. नुसता भक्कम असून भागत नाही, उतारावर तो अडवेल. अठराव्या अध्यायात पाच कारणांत कर्ताही मोजला आहे आणि यंत्रही सांगितलं आहे, याचा मला लागलेला अर्थ हा.

मित्राचं समाधान झालेलं नाही. आता चढ आहे की उतार, हे दांड्याला कळणार कसं, असं तो विचारतो. माझं म्हणणं, दांड्याला ते कळायची गरजच नाही. दोन्हींसाठी घडण एकच लागते, आणि ती गाडी निघण्याआधी, टेबलावर, ब्रोच हातात असतानाच करावी लागते. आधी नीट विचार कर आणि मग कर, हे अर्जुनाला युद्ध सुरू होण्यापूर्वी सांगितलं गेलं, ते योग्य वेळी सांगितलं गेलं. एकदा गाडी चालू लागली की कर्ता कोण हे ठरवायला कोणाला सवड नसते, आणि दांडा नीट घासलेला असेल तर त्यावाचून काही अडतही नाही.