दांडेकरांची दोन गणितं

1971 साली अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी भारतातल्या दारिद्र्याचा हिशेब मांडला, तेव्हा त्यांनी मोजली ती माणसं. पोटाला किती उष्मांक लागतात, त्याला किती पैसे पडतात आणि तेवढेही कितीजणांपाशी नाहीत, असा तो सरळ हिशेब होता. बारा-तेरा वर्षांनी महाराष्ट्र सरकारने त्याच दांडेकरांना दुसरी मोजणी सांगितली, ती जिल्ह्यांची. रस्ते, सिंचन, वीज, शाळा, दवाखाने यांत राज्याच्या सरासरीपेक्षा कोणता जिल्हा किती मागे आहे आणि ती तूट भरायला किती रुपये लागतील, ते काढायचं होतं. 1984 च्या अहवालात आकडा निघाला सुमारे 3,186 कोटींचा. या तुटीसाठीचा ‘अनुशेष’ हा शब्द तेव्हापासून आपल्या राजकारणात मुक्कामाला आला तो आलाच.

माझं म्हणणं एवढंच, की दुसऱ्या गणिताच्या नादात आपण पहिलं विसरलो.

दुसऱ्या गणिताची गरज नव्हती असं मुळीच नाही. 1953 च्या नागपूर करारात विदर्भाला लोकसंख्येच्या प्रमाणात निधी आणि नोकऱ्यांचा शब्द दिला होता. त्यातली नागपुरात अधिवेशन भरवण्याची अट तेवढी बहुतेक वर्षी थाटात पाळली जाते. (मोर्चे, हुरडा आणि संत्री यांची तजवीज आपोआप होते.) निधीचं मात्र रडगाणंच. 1994 साली तीन वैधानिक विकास मंडळं आली. त्याच वर्षाच्या पायावर पुन्हा मोजणी झाली, तेव्हा अनुशेष 14 हजार कोटींवर गेला होता. विदर्भाची तक्रार खोटी नव्हती.

पण मंडळांची नावं वाचा: विदर्भ, मराठवाडा आणि ‘उर्वरित महाराष्ट्र’. या ‘उर्वरित’मध्ये पुणे आहे, मुंबई आहे आणि नंदुरबारही आहे. नीती आयोगाने 2021 साली बहुआयामी गरिबीचे जिल्हावार आकडे दिले, त्यात नंदुरबारची निम्म्याहून अधिक माणसं गरीब निघाली. राज्यातला सर्वांत गरीब जिल्हा कागदावर मुंबई-पुण्याच्या पंगतीला बसलेला! दांडेकरांना हे दिसत होतं. त्यांच्या हिशेबात एकूण अनुशेषापैकी 37 टक्के ‘उर्वरित’मधल्याच जिल्ह्यांचा होता. सभागृहात मात्र भांडण तीन विभागांचं झालं, कारण विभागाला आमदार असतात आणि सरासरीखाली दबलेल्या पाड्याला नसतात.

जिल्ह्याची सरासरी तरी कुठे खरं सांगते? शहादा तालुक्याच्या सपाटीवर ऊस आहे, केळी आहे, साखर कारखाना आहे. तिथून वर सातपुड्यात चढलं की अक्राणीचे पाडे लागतात. जमीन उताराची, पीक पावसावरचं. सपाटीवर कालवा आला की जिल्ह्याचं सिंचन वाढतं. कागदावर अक्राणीही तेवढीच भिजते.

मग तिथलं माणूस खाली उतरतं. दिवाळीच्या आसपास ऊसतोडीसाठी बीड, धाराशिवकडे मुकादमाच्या गाड्या भरतात, तशीच सातपुड्यातून गुजरातकडे रीघ लागते. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो आणि उचल आधीच घेतलेली, खर्चलेली असते. हंगामभर फडात राहायचं, फिटेल तेवढी उचल फेडायची, उरली तर पुढच्या वर्षाला बांधून घ्यायचं. पोरांची नावं गावच्या शाळेत, पोरं फडात. मागास भागाने पुढारलेल्या भागाला केलेली ही मदत कोणत्याच मंडळाने मोजलेली नाही. दिल्लीकडे महाराष्ट्राने आपल्या करातला वाटा जरूर मागावा. पण मागताना ही मदत विसरून, मुंबईचा पैसा मुंबईतच पिकतो, असं मानू नये.

उलट दिशेने पैसा गेल्याचं एक चांगलं उदाहरण आपल्याकडेच आहे. 1972 च्या दुष्काळात रुजलेली आणि विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी लावून धरलेली रोजगार हमी योजना. तिच्यासाठी 1975 साली व्यवसाय कर बसवला. शहरातल्या पगारपत्रकावर आजही फेब्रुवारी सोडून दरमहा 200 रुपये कापले जातात ते त्याचेच, आणि बहुतेकांना ते कशासाठी याचा पत्ता नसतो. या करातून जमेल तेवढीच रक्कम सरकारनेही घालायची आणि काम मागेल त्याला काम द्यायचं. तू विदर्भातला की खानदेशातला, हा प्रश्नच नव्हता. मस्टरवर खोटी नावं लागली, खडी फोडून फोडून ढीग पडून राहिले, हे सगळं खरं. तरी दांडेकर-रथांनी सार्वजनिक कामांचा जो उपाय सुचवला होता, त्याच्या सर्वांत जवळ ही योजना गेली. तिने माणूस मोजला.

मंडळांची मुदत 30 एप्रिल 2020 ला संपली. प्रादेशिक असमतोलावरच्या विजय केळकर समितीचा अहवाल त्याआधीच 2014 अखेर सभागृहात मांडून झाला होता. मंडळं परत आणा, ही मागणी रास्तच आहे. पण आणताना तीन विभागांच्या वाटणीवर थांबू नये. हिशेब घरापर्यंत न्यावा, आणि तो नेताना एक प्रश्न आधी सोडवावा: अक्राणीतलं कुटुंब अर्धं वर्ष गुजरातच्या फडात असतं, तेव्हा त्याच्या रेशनचा, दवाखान्याचा आणि पोरांच्या शाळेचा अनुशेष नेमका कुणाच्या नावावर चढवायचा?