आजचं चिंतन : अंगणातली पोट्टी (गीता ६.३२)



आजच्या श्लोकात भगवंत सांगतात की, दुसऱ्याचं सुखदुःख जो स्वतःवरून ओळखतो तो श्रेष्ठ योगी. मी इतकी वर्षं "सगळ्यांशी प्रेमानं वागा" एवढाच अर्थ काढून पुढे जात होतो.

दादांना पार्किन्सन होऊन नऊ वर्षं झाली. चैत्रात मी लॅपटॉप घेऊन मेहकरजवळच्या आमच्या गावी होतो. दिवेलागणीला दादा म्हणाले, "थे पोट्टे पाह्य, अंगणात बसले. त्याह्यले पाणी दे." अंगण रिकामं. मी पडलो इंजिनियर, पुरावा द्यायला निघालो. मोबाईलवर अंगणाचा फोटो काढून त्यांच्यापुढे धरला, "कुठं आहेत, दाखवा!" दादा गप्प झाले. पुढे दोन महिने त्यांनी पोट्ट्यांचं नाव काढलं नाही. मला वाटलं, बग गेला.

मग आईचा फोन आला. "आता रातच्याले दाराशी एक माणूस उभा दिसते म्हणतात. तुले सांगू नको म्हणे."

ते 'सांगू नको' मला फार लागलं.

बाहेरबाधा आहे, सैलानीला न्या, असं शेजारी म्हणाले. आपल्या जिल्ह्यातून किती घरं तिथं जातात! कुणाच्या श्रद्धेला मी नावं ठेवत नाही, पण आधी न्यूरोलॉजिस्टकडे गेलो. ते म्हणाले, या आजारात असे भास बऱ्याच जणांना होतात. मुलं, प्राणी, बाजूनं कुणी सर्रकन गेल्यासारखं. थोडं आजारामुळे, थोडं थरथरीच्या गोळ्यांमुळे. त्या गोळ्या डोपामाइनचं काम वाढवतात. लघवीचा संसर्ग, पाणी कमी पिणं यानंही भास एकदम वाढतात, म्हणून आधी तपासण्या. आणि दोन गोष्टी त्यांनी बजावल्या : गोळ्या आपल्या मनानं बंद करायच्या नाहीत, अंग पार आखडून जीवावर बेतू शकतं. अन् भासांवर कुणी हॅलोपेरिडॉलसारखं जुनं औषध दिलं, तर पार्किन्सन आहे हे आधी सांगायचं, त्यानं हा आजार बळावतो.

वेदान्तातला दोरीवरचा साप आपण सगळेच ऐकतो. साप खोटा. पण घाम? छातीतली धडधड? ती तर खरीच ना! मी आपला "दोरी आहे, दोरी आहे" ओरडत होतो, दिवा कुणी आणलाच नव्हता. आमच्याकडे तर अक्षरशः नव्हता. दाराशी चाळीसचा पिवळा बल्ब होता अन् खुंटीवर दादांचाच लांब कोट. कोट काढला, मोठा एलईडी लावला.

काल संध्याकाळी दादांनीच हळूच विचारलं, "तुले दिसते काय रे?"

"मले नाही दिसत दादा. पण तुम्हाले भेव वाटते काय?"

"पोट्ट्यायचं नाही वाटत. त्या माणसाचं वाटते."

मी खाट दाराकडे ओढली. आईनं भाकरी वाढेपर्यंत आम्ही दोघं तिथंच बसून होतो, त्यांचा थरथरता हात माझ्या हातात.

उद्या श्लोक ३३. अर्जुन म्हणतो, मन इतकं चंचल असताना हे जमायचं कसं?