अतिथीसाठी राखलेली वेळ

प्रवासाचा खरा शीण प्रवासात येत नाही, तो प्रवासाची आखणी करताना येतो, असे माझे प्रामाणिक मत झाले आहे. गेले दोन महिने आमच्या जेवणाच्या टेबलावर युरोपचा नकाशा पसरलेला आहे. चहाच्या कपाचे एक तपकिरी वर्तुळ नेमके आल्प्स पर्वताला वेढून बसले आहे, आणि परवा फराळाच्या चकलीचा एक तुकडा भूमध्य समुद्रात सापडला.

या सर्व मोहिमेचा सेनापती म्हणजे माझा पुतण्या. मुलगा हुशार आहे आणि काका-काकूंवर त्याचा जीव आहे. त्याने आमच्यासाठी पहिला बेत आखला तो असा : १५ दिवस, ७ देश, ११ आगगाड्या, १ बोट आणि मधली २ विमाने. अ‍ॅमस्टरडॅमला उतरायचे आणि ब्रसेल्स, पॅरिस, कोलोन, झुरिक, रोम करीत अथेन्सहून घरी परतायचे. गाडी बदलायला कोठे ८ मिनिटे, कोठे १२. चैन म्हणून एके ठिकाणी २५. कागद माझ्या हाती देत तो अभिमानाने म्हणाला, "काका, एक मिनिटसुद्धा वाया जात नाही."

त्याच्या त्या 'वाया' शब्दापाशी मी अडखळलो. सहा वर्षांपूर्वीची एक गोष्ट मला आठवली. ती मी आजवर घरात कोणाला सांगितलेली नव्हती.

त्या वेळी मी व सौ. प्रथमच युरोपात गेलो होतो. जर्मनीतल्या एका मोठ्या स्थानकावर आम्हांला गाडी बदलायची होती आणि हातात ९ मिनिटे होती. दोन्ही बॅगा ओढीत मी पुढे धावत होतो, सौ. गुडघा सांभाळीत मागून येत होती. जिन्याच्या पायथ्याशी एक वृद्ध बाई उभी होती. तिच्या पिशवीचा बंद तुटला होता आणि सामान जमिनीवर सांडले होते. तिने माझ्याकडे पाहिले. भाषा कळण्याचा प्रश्नच नव्हता. तिने तोंडातून शब्दही काढला नव्हता. मी घड्याळाकडे पाहिले आणि जिना चढलो.

वर गेल्यावर कळले की आमची गाडी ४० मिनिटे उशिरा येणार आहे. त्या फलाटावर मी ती ४० मिनिटे उभा होतो. पाचव्या मिनिटाला मी खाली जाऊन आलो. जिन्याशी कोणी नव्हते. कुणीतरी तिला मदत केली असेल, असे मी मनाला सांगितले. केलीही असेल. पण ती मी केली नव्हती, आणि हातात वेळ असूनही आता ती मला करता येणार नव्हती.

मी स्वभावाने दुष्ट माणूस नाही. आमच्या गल्लीत कोणाची पिशवी सांडली असती तर मी नक्की वाकलो असतो. मग तिथे मला काय झाले? या प्रश्नाचे उत्तर मला बऱ्याच दिवसांनी एका प्रयोगाच्या हकिगतीत सापडले. डार्ली आणि बॅटसन या दोन मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेत प्रिन्स्टन येथे धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांवर तो केला आणि १९७३ साली प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना एका इमारतीतून दुसरीत जाऊन छोटे भाषण करायचे होते. काहींचा विषय होता बायबलमधली भल्या शोमरोनी माणसाची कथा, म्हणजे वाटेत घायाळ पडलेल्या परक्याला थांबून मदत करणाऱ्या माणसाची. वाटेत एक मनुष्य दारात खोकत, कण्हत पडलेला असे. तो अर्थात ठरवून बसवलेला होता. ज्यांना वेळ भरपूर आहे असे सांगितले होते, त्यांतले शेकडा ६३ थांबले. ज्यांना उशीर झाला आहे असे सांगितले, त्यांतले शेकडा १० थांबले. भाषणाचा विषय काय आहे, याने फारसा फरक पडला नाही. परोपकारावर बोलायला निघालेली माणसे घाईघाईने दुःखिताला ओलांडून गेली.

या आकड्यांनी मला थोडा दिलासा दिला आणि थोडे घाबरवले. दिलासा असा, की त्या जिन्यावर मी एकटा नव्हतो. भीती अशी, की माणसाचा चांगुलपणा मनाबरोबर घड्याळातही राहतो; आणि घड्याळ आपण आधीच, घरी बसून, टेबलावर लावून ठेवलेले असते. त्या बाईकडे पाठ फिरवण्याचा निर्णय मी स्थानकावर घेतला नव्हता. मी तो चार महिने आधी, ९ मिनिटांची गाडी पसंत केली तेव्हाच घेतला होता.

आपल्या भाषेत पाहुण्याला एक सुंदर शब्द आहे : अतिथी. ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही तो अतिथी, असा त्याचा अर्थ आपण परंपरेने लावत आलो. तिथी कळवून येतो तो सोयरा किंवा पाहुणा. त्याच्यासाठी बासुंदीसुद्धा करता येते. अतिथीसाठी मात्र फक्त जागा ठेवता येते. माझी आई भाताच्या आधणात रोज एक मूठ तांदूळ जास्त टाकत असे. कोणासाठी, असे विचारले तर म्हणे, "येईल त्याच्यासाठी." घर साधे होते, तांदूळही मोजकेच होते, पण ती मूठ चुकली नाही. पुतण्याच्या त्या निर्दोष वेळापत्रकात प्रत्येक घासाला नाव घातलेले होते. जास्तीची मूठ तेवढी नव्हती.

हे मी त्याला सांगितले तेव्हा तो हसला नाही, हे त्याचे मोठेपण. पण त्याने रोखठोक प्रश्न टाकला, "काका, तुम्ही आयुष्यभर पैसे साठवून निघालात, ते जगाला मदत करायला का युरोप पाहायला? शिवाय व्हिसा हवा तर कोणत्या रात्री कोठे राहणार ते कागदावर दाखवावे लागते, ३० हजार युरोचा विमा काढावा लागतो. कोरा कागद घेऊन कोण दारात उभे करील?"

प्रश्न खोटा नाही. आखणीच करू नये, वारा नेईल तिकडे जावे, असे म्हणणारे काही रसिक असतात. त्यांचे मला कौतुक वाटत नाही. बेत न करणारा माणूस बहुधा दुसऱ्याच्या बेतावर जगतो; त्याच्यासाठी कोणीतरी जेवणाचे ताट झाकून बसलेले असते. वेळ पाळणे हीसुद्धा माणुसकीच आहे. पलीकडे वाट पाहणाऱ्याचा तो मान आहे. तेव्हा प्रश्न आखणी करावी की नाही हा नव्हेच. ती किती घट्ट करावी हा आहे.

आणि घट्ट करण्याचा मोह आज मोठा आहे. १४ जून १९८५ रोजी लक्झेंबर्गमधल्या शेंगेन गावाजवळ, मोझेल नदीतल्या एका बोटीवर पाच देशांनी आपापसांतल्या सरहद्दीवरची तपासणी उठवण्याचा करार केला. आज त्या व्यवस्थेत २९ देश आहेत आणि आपल्यासारख्याला त्यांच्यासाठी सहसा एकच व्हिसा पुरतो. युरोपबाहेरच्या प्रवाशांसाठी १९५९ साली निघालेला युरेल पास आता ३३ देशांत चालतो. दारे उघडली ही चांगलीच गोष्ट झाली. पण दार उघडे दिसले म्हणून प्रत्येक खोलीत डोकावून पळालेच पाहिजे, असे थोडेच आहे?

त्यात बेत जितका दाट, तितकी भीती जास्त. सगळा प्रवास एका तिकिटावर असला तर पुढची गाडी चुकल्याचा भार रेल्वेने उचलायचा असतो. तुकड्यातुकड्यांची तिकिटे असली तर तो प्रवाशाच्या डोक्यावर येतो. आगगाडी उशिरा आली म्हणून बोट थांबत नाही आणि बोटीसाठी विमान थांबत नाही. अशा माणसाला खिडकीतून तळे दिसत नाही. त्याला फक्त घड्याळ दिसते.

गंमत अशी, की ज्यांच्या वक्तशीरपणाचे आपण दाखले देतो, त्या स्विस लोकांनी आपली रेल्वे उलट विचाराने बांधली. १९८७ साली तेथील जनतेने सार्वमताने 'रेल्वे २०००' ही योजना मंजूर केली, आणि २००४ च्या डिसेंबरात तिचा मुख्य भाग अमलात आला. बर्न ते झुरिक हा प्रवास त्यांनी ५६ मिनिटांवर आणला. तासाच्या आत, पण जेमतेम आत. कारण मोठ्या स्थानकात तासाचा ठोका पडण्यापूर्वी चहूकडच्या गाड्या येऊन उभ्या राहतात, उतारू एकीतून दुसरीत जातात, आणि ठोका पडला की गाड्या पांगतात. एखादी त्याहून लवकर आली, तरी इतरांची वाट पाहतच उभी राहणार. सर्वांना भेटता येईल इतकाच वेग त्यांनी पुरेसा मानला.

त्याच देशातला गोटहार्डचा ५७ किलोमीटरांचा बोगदा २०१६ साली सुरू झाला. डोंगर चढून जाणारा १८८२ सालचा जुना लोहमार्ग त्यामुळे मागे पडला. तरी तो त्यांनी उखडला नाही. २०२३ च्या ऑगस्टात बोगद्यात मालगाडी रुळांवरून घसरली, आणि पूर्ण वाहतूक सुरू व्हायला २०२४ चा सप्टेंबर उजाडला. तोवर बहुतेक प्रवासी गाड्या त्या जुन्या वाटेने, तासभर जास्त घेत, पण धडपणे पोहोचत राहिल्या. हिशेबात जास्तीची वाटणारी वस्तूच अडीच्या वेळी कामाला आली.

हे सगळे ऐकून पुतण्याने निमूटपणे खोडरबर उचलले. चार देश पुसताना त्याचा हात जड झाला. माझाही जीव थोडा कळवळला, कारण पॅरिस पुसले जाताना मी पाहत होतो. आता बेत असा आहे : मुंबईहून विमानाने झुरिक. तेथून गोटहार्डच्या बोगद्यातून मिलान, पुढे बारी बंदरापर्यंत आगगाडी. बारीहून रात्रभराच्या बोटीने ग्रीसमधले पात्रास, मग बसचा आधार घेत अथेन्स आणि परतीचे विमान. दिवस तेच १५, देश फक्त ३. रात्रीचे मुक्काम सगळे कागदावर पक्के. व्हिसाच्या साहेबालाही तक्रारीला जागा नाही. मात्र गाडी बदलायला कोठेही तासापेक्षा कमी वेळ नाही. बोटीच्या आधी एक सबंध दिवस मोकळा आहे.

सौ.ला मी जिन्याशी उभ्या असलेल्या त्या बाईची गोष्ट त्या रात्री सांगितली. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मी पाहिली होती तिला. मला वाटले, तुम्ही पाहिली नाहीत." सहा वर्षे तिने माझ्या बाजूने असा समज करून घेतला होता. मला आणखी काही बोलता आले नाही.

या खेपेला त्या मोकळ्या वेळात कोणी भेटेल का? बहुधा नाही. पिशव्यांचे बंद आमच्या सोयीने तुटत नसतात. शिवाय कोणी सांगावे, या वेळी सामान आमचेच सांडायचे आणि ज्याच्या हातात वेळ आहे अशा एखाद्या परक्याचीच आम्हांला वाट पाहावी लागायची. पण म्हणून ती मूठ वाया गेली असे होत नाही. आईने जास्तीचा शिजवलेला भात पुष्कळदा उरतच असे. त्या दिवशी कोणी आलेले नसे. मग सकाळी आम्ही मुले फोडणीचा भात खायला मिळणार म्हणून लवकर उठत असू.